तलवारी बघून शायेन पळाले का?

अमेरिकेच्या गवताळ पठारावरच्या लढायांचा विषय निघाला की कुणीतरी हटकून विचारतं, "मंतरलेल्या पाण्यात हात बुडवले म्हणजे गोळी लागत नाही, असं समजून ते शायेन लढायला आले आणि तलवारी बघताच पळाले म्हणे. इतके कसे भोळे?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

शायेन ही त्या पठारावरची एक मूळनिवासी जमात. प्रसंग खरा आहे. २९ जुलै १८५७, कॅन्ससमधल्या सॉलोमन नदीचा काठ. (आपल्याकडे तेव्हा सत्तावनचा उठाव पेटलेला होता.) आदल्या वर्षी भटक्या घोड्यांवरून आणि टपालाच्या गाडीवरून अमेरिकी सैन्य आणि शायेन यांच्यात चकमकी झाल्या होत्या, माणसं मेली होती. त्याची शिक्षा द्यायला कर्नल एडविन समनर पहिलं घोडदळ घेऊन निघाला. पायदळ आणि तोफा मागे पडल्या, तो सुमारे तीनशे स्वारांनिशी पुढे आला. समोर जवळजवळ तेवढेच शायेन होते, आणि ते लपूनछपून नाही, तर उघड्यावर रांग धरून, गाणी म्हणत उभे होते. एक तुकडी तर घोडदळाला बगलेवरून गाठायलाही निघाली होती.

ही हिंमत त्या पाण्याची. आइस आणि डार्क या दोन सिद्धपुरुषांनी योद्ध्यांना एका तळ्यात हात बुडवायला लावले होते. आता हात वर केला की सैनिकांच्या बंदुकीतून गोळी नुसती घरंगळून खाली पडेल, असा त्यांचा शब्द होता. मग समनरने हुकूम दिला: कार्बाइन (घोडेस्वारांच्या आखूड बंदुका) पाठीला, तलवारी बाहेर. पठारावरच्या लढायांत असा तलवारीचा हल्ला फार क्वचित झाला. समनरला तो का सुचला, याचं मला अजून कुतूहल आहे. तीनशे पाती एकदम उन्हात चमकली, शायेनांनी थोडे बाण सोडले आणि घोडे वळवले.

भोळेपणा यात कुठे आहे? उपाय गोळीवर होता, तलवारीवर नव्हता. आपली तयारी ज्या शस्त्रासाठी आहे ते शस्त्रच समोरच्याने बाजूला ठेवलं, हे त्यांनी क्षणात ओळखलं. आंधळी श्रद्धा असती तर ते हात वर करून तिथेच उभे राहिले असते. शिवाय त्यांचे घोडे ताजे होते आणि घोडदळाचे कित्येक आठवड्यांच्या रपेटीने थकलेले. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी वेळेवर काढलेल्या पायाला पळपुटेपणा म्हणू नये.

पाठलाग काही मैल चालला. दोन सैनिक मेले. शायेन किती मेले, यावर समनरचा आकडा नऊ, शायेनांच्या आठवणीत चार. जेब स्टुअर्ट हा तरुण लेफ्टनंट एका पायउतार झालेल्या शायेनवर चालून गेला, तर त्याने जुन्या पिस्तुलातून थेट छातीवर गोळी झाडली. गोळी बरगड्यांच्या मधल्या हाडावरून सरकली म्हणून तो वाचला, आणि पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा नावाजलेला सेनापती झाला.

खरा घाव दोन दिवसांनी बसला. समनरला शायेनांचं गाव सापडलं, तेही सोडून दिलेलं. १७१ राहुट्या तशाच उभ्या होत्या, बाकीच्या घाईने उतरवलेल्या. त्याने सगळं जाळलं. पुढे सरकारशी झालेल्या करारानुसार त्यांना मिळायचा माल बेंट या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर होता, तोही त्याने अडवला. हिवाळ्याची बेगमी गेली. तुम्ही तलवारींबद्दल विचारता, पण या राखेबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही.

गोळीवरच्या भरवशाचं म्हणाल, तर तो एका बाजूचाच नव्हता. समनरच्या डोक्यावर आपटून गोळी परत गेली, अशी दंतकथा त्याच्याच सैन्यात होती आणि त्यावरून त्याला 'बुल' म्हणत. याच मोहिमेत दुसऱ्या तुकडीचा प्रमुख जॉन सेजविक होता. मे १८६४ मध्ये, त्याच यादवी युद्धात, स्पॉट्सिल्व्हेनियाला शत्रूचे नेमबाज गोळ्या झाडत असताना तो आपल्या माणसांना म्हणाला, इतक्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही. थोड्याच वेळात एक गोळी त्याला लागली आणि तो तिथेच मेला. त्याला कुणी भोळा म्हणत नाही, शूर म्हणतात.

आइसची पतही या एका दिवसाने गेली नाही. नंतर त्याचं नाव व्हाइट बुल झालं. रोमन नोज या सर्वांत प्रसिद्ध शायेन योद्ध्याचा युद्धाचा शिरपेच त्यानेच बनवला आणि पथ्य घातलं, की धातूच्या वस्तूने वाढलेलं अन्न खायचं नाही. १८६८ साली अमेरिकी सैन्याशी झालेल्या बीचर बेटाच्या लढाईआधी ते पथ्य मोडल्याचं रोमन नोजला कळलं. आता आपण मरणार हे ठाऊक असूनही तो चढाईला गेला, आणि पडला. व्हाइट बुल मात्र म्हातारा होईपर्यंत जगला. १८७७ मध्ये तो अमेरिकी जनरल माइल्सच्या सैन्यात टेहळ्या म्हणून भरती झाला, म्हणजे त्याच बंदुका आता त्याच्या बाजूला होत्या.