आयोवातली मक्याची सबसिडी
आज अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मित्राच्या वडिलांच्या शेतावर गेलेलो, सगळीकडे मकाच मका. काकांनी फाइल उघडून नीट समजावलं, भाव पडला की सरकार फरक देतं, २०१८च्या फार्म बिलात, म्हणजे तिथल्या शेती कायद्यात, मक्याला बुशेलमागे (हे तिकडचं धान्याचं माप) ३.७० डॉलर रेफरन्स प्राइस, म्हणजे फरक मोजायचा ठरलेला भाव, धरलेली, पण पैसे यंदाच्या पेऱ्यावर नाही तर जुन्या नोंदीत त्या शेताच्या नावावर धरलेल्या एकरांवर, म्हणजे बेस एकरवर, त्यातही ८५ टक्क्यांवरच. म्हणजे ज्याची जमीन मोठी त्यालाच जास्त, हे काय पटलं नाही बुवा. पण या योजना राबवणारी काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखं) कमिटी शेतकरीच मतदान करून निवडतात, हे मात्र जाम आवडलं!! आपल्याकडे पीएम किसानचे वर्षाला ६०००, त्याच्या केवायसीला बाबांचा झिजलेला अंगठा मशीन घेईना, आणि सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं त्यांनी, त्याचा फरक कोण देणार सांगा