घड्याळावर एकच क्यू ठेवा

संध्याकाळी ६ चा लाइव्ह कार्यक्रम. आधी ५ मिनिटांचा काउंटडाउन, मग ओपनिंग क्लिप, मग कॅमेरा १ आणि वक्त्याच्या नावाची पट्टी. व्हीमिक्समध्ये (लाइव्ह व्हिडिओ मिक्स करायचं सॉफ्टवेअर) हे सगळं आपोआप चालतं. पण प्रत्येक क्यू, म्हणजे पुढची गोष्ट सोडायचा इशारा, घड्याळाला बांधला, तर पाहुणे दहा मिनिटं उशिरा येतात आणि मंचावर दीपप्रज्वलन चालू असताना स्क्रीनवर वक्त्याचं नाव झळकतं. आपल्याकडे पाहुणे उशिरा येणारच, ते धरूनच मांडणी करायची.

घड्याळावर फक्त काउंटडाउन ठेवा. बिटफोकस कम्पॅनियनमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरला कमांड पाठवणारं सॉफ्टवेअर) १७:५५:०० चा ट्रिगर, म्हणजे ठरल्या क्षणी आपोआप सुटणारी कमांड, लावा. कम्पॅनियन व्हीमिक्सशी टीसीपी पोर्ट ८०९९ वरून बोलतो, त्यामुळे दोन मशीन असतील तर फायरवॉलमध्ये हा पोर्ट उघडा. वेळ कम्पॅनियनच्या मशीनची धरली जाते, म्हणून तिथलं घड्याळ तासभर आधी इंटरनेटवरून जुळवून घ्या. कमांडमध्ये इनपुटचा (व्हीमिक्समध्ये जोडलेली क्लिप किंवा कॅमेरा) नंबर न देता नाव द्या. ऐनवेळी कुणी इनपुटचा क्रम बदलला की नंबर भलत्याच क्लिपवर जातो.

पुढचं काम व्हीमिक्सच्या ट्रिगर्स टॅबमध्ये. काउंटडाउनच्या क्लिपच्या 'ऑन कम्प्लिशन'वर (क्लिप संपल्यावर) फेड, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात हळूहळू जाणं, लावा, पण थेट ओपनिंगकडे नको. 'थोड्याच वेळात'च्या लूपकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या क्लिपकडे. ओपनिंग हातानेच सोडायची. तिच्या 'ऑन कम्प्लिशन'वर कॅमेरा १. इथे १००० मिलिसेकंदांचा फेड दिलात तर तो क्लिप संपल्यावर सुरू होतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात पूर्ण २५ फ्रेम शेवटचं चित्र गोठलेलं दिसतं. एडिटमध्येच शेवटचे दीड सेकंद स्थिर लोगो ठेवला की हे लपतं.

सगळ्यात जास्त घोळ नावाच्या पट्टीचा. कॅमेऱ्याच्या 'ऑन ट्रान्झिशन इन'वर (तो स्क्रीनवर आल्यावर) दोन ट्रिगर: ओव्हरले (चित्रावर चढणारा थर) इनपुट १ इन, विलंब ३००० मिलिसेकंद; ओव्हरले इनपुट १ आउट, विलंब १०००० मिलिसेकंद. दोन्ही विलंब कॅमेरा आल्या क्षणापासून मोजायचे, म्हणून पट्टी ७ सेकंद राहते. 'इन' नसलेली साधी ओव्हरले कमांड टॉगल असते, म्हणजे दर वेळी आधीची स्थिती उलटवते. पट्टी आधीच वर असेल तर ती उलट खाली जाते. आणि हे ट्रिगर मूळ कॅमेऱ्यावर लावू नका, नाहीतर दर कटला नाव येईल. कॅमेरा १ चा व्हर्च्युअल इनपुट (त्याच कॅमेऱ्याची वेगळ्या सेटिंगची प्रत) करा, ट्रिगर त्याच्यावर लावा आणि ओपनिंगनंतर तोच घ्या. तीन सेकंदांच्या आत दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेलात तर उशिराचा ट्रिगर थांबत नाही, दुसऱ्याच माणसाखाली नाव येतं. म्हणून 'ओव्हरले १ आउट'चं एक बटण हाताशी हवंच.

क्लिपा फोनवरून आल्या असतील तर फ्रेमरेट बदलता असतो. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट' आणि २५ निवडून फाइल नव्याने बनवा, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. पेनड्राइव्हवरून वाजवू नका. एसएसडीवर उतरवा, मगच इनपुट जोडा.

तालमीत ५ मिनिटं बसून राहायची गरज नाही. काउंटडाउन शेवटच्या १० सेकंदांवर ओढा आणि तिथून साखळी सोडा. दोनदा सोडा: एकदा सगळं सुरळीत, एकदा मुद्दाम मध्येच कॅमेरा बदलून.