‘गिअर ट्यूनिंग केले’

माझ्या सायकलच्या जॉबकार्डवर दर वेळी हा एकच शेरा. खाली त्याचे पैसे. आणि सायकल घेऊन मी कर्वे रस्त्याला लागते न लागते तोच चेनची कटकट पुन्हा सुरू.

सायकल साधीच आहे. हार्डटेल एमटीबी, म्हणजे फक्त पुढे शॉकर असलेली डोंगरी सायकल. पुढे ३ चकत्या, मागे ९. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर काढताना ती उजव्या अंगावर पाडली आणि परत भिंतीला टेकवून ठेवली. खरचटलंही फारसं नव्हतं. पण तेव्हापासून वेताळ टेकडीच्या चढावर मागचा गिअर आपोआप बदलायला लागला. शिफ्टरला हात लावलेला नसताना पेडल एकदम हलकं व्हायचं आणि मग कचकन बसायचं. उभं राहून पेडल मारताना असं झालं की गुडघा थेट हँडलवर.

सायकल पडली होती, हे मी सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने ते लिहून घेतलं नाही. जॉबकार्डात ‘पडली’ असा रकाना नसावा. दुकान मोठं, एसी लावलेलं. मेकॅनिक आत, गिऱ्हाईक बाहेर, मध्ये काच. बोलायचं ते काउंटरशी, आणि काउंटर आत काय सांगतो ते देव जाणे. दोन दिवसांनी या म्हणायचे, गेलं की मेकॅनिक सुट्टीवर. मग कधीतरी सायकल स्टँडवर चढवून हाताने पेडल फिरवून दाखवायचे, “बघा मॅडम, सगळे गिअर पडतायत.” पडणारच ना! स्टँडवरच्या सायकलवर माझं वजन कुठे आहे?

पुढच्या खेपेला निदान निघालं, “मॅडम, तुम्ही लोडमध्ये गिअर टाकता.” म्हणजे पेडलवर जोर असताना. माझा नवरा त्याच दुकानात सायकल देतो. त्याला हे वाक्य कुणी कधी ऐकवलेलं नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) दोन्ही बदला म्हणाले. घरी येऊन पट्टी घेतली. चेनचा एकेक दुवा अर्ध्या इंचाचा असतो. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची, १/८ सरकली असेल तर बहुतेक कॅसेटही गेलेली असते. माझी पिन बाराच्या रेघेवर. पट्टी बॅगेत टाकून दुकानात गेले, मोजून दाखवलं. “आमच्याकडे गेज असतो,” म्हणाला. मग लावा ना गेज! तो शोधण्यात बराच वेळ गेला आणि शेवटी सापडला नाही.

मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. एका खेपेला सायकल परत आली की मागच्या लहान चकत्या छान चालायच्या आणि मोठ्यांवर चेन अडखळायची. पुढच्या खेपेला मोठ्या चकत्या नीट, लहान बिघडलेल्या. हे मी कागदावर लिहून दिलं होतं, आणि एवढ्यावरून ओळखायला हवं होतं. मागच्या चाकापाशी चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो डिरेलर. त्याच्यापाशी केबलवर ताण कमीजास्त करायचा जो बॅरल अॅडजस्टर असतो, तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की केबल ताणली जाते आणि चेन मोठ्या चकतीकडे सरकते. केबल नुसती सैल असेल तर सगळे गिअर सारखेच चुकतात आणि अर्ध्या-एक फेऱ्यात सगळे एकदम सुधारतात. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतंय, म्हणजे डिरेलर तिरका झालाय. ९ चकत्यांच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांचं अंतर सुमारे ४.३५ मिलिमीटर. तिथे तिरकेपणाला जागाच नाही.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही. सायकलच्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “ताई, ही उजवीकडे पडली होती का?” डिरेलरच्या दोन छोट्या पुल्या चकतीच्या खाली सरळ रेषेत हव्यात, तर खालची पुली आत स्पोककडे झुकली होती. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पत्तीवर लटकतो तो हँगर वाकला होता. पत्ती मुद्दामच मऊ अॅल्युमिनियमची करतात. मार लागला तर ती वाकावी, फ्रेम वाचावी.

हँगर सरळ करायचं गेज काकांकडे नव्हतं. त्यांनी ५ नंबरच्या अॅलन कीने डिरेलर सोडवला आणि तसाच चेनवर लोंबकळत ठेवला. भिंतीवरचं एक जुनं क्विक रिलीजचं मागचं चाक काढलं आणि त्याचा एक्सल हँगरच्या भोकात फिरवत बसवला. दोन्हींचा आटा एकच, १० मिलिमीटर बाय १. आता दोन चाकं शेजारी शेजारी. वरच्या बाजूला दोन रिममध्ये चांगली फट, खाली कमी. ते चाकच दांड्यासारखं धरून काका हळूहळू दाबत गेले, मध्ये थांबून बघायचे, परत थोडं दाबायचे, फट वर-खाली, पुढे-मागे सारखी होईपर्यंत. “ही पत्ती एकदा वाकते, एकदा सरळ होते. परत परत केलं की मोडते. नवी आणून ठेवा.” डिरेलर लावून ट्यूनिंगला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या सकाळी टेकडीचा तोच चढ गिअर न उडता चढले आणि वर जाऊन उगाचच घंटी वाजवली.

तेव्हा डिरेलरवरचे एच (लहान चकतीकडचा) आणि एल (मोठ्या चकतीकडचा) हे स्क्रू फिरवायच्या आधी मागे बसून पुल्या बघा. ते दोन स्क्रू फक्त चेनने टोकाला कुठे थांबायचं ते ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. पण हँगर सरळ झाला की एल तपासाच, नाहीतर सगळ्यात मोठ्या चकतीवर डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो.

गिअर मोठ्या चकतीकडे पटकन जातो आणि लहानकडे येताना रेंगाळतो, असं असेल तर हँगरला दोष देऊ नका. आऊटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या नळीत, चिखल किंवा गंज आहे. येताना तार ओढायला फक्त डिरेलरची स्प्रिंग असते. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. आऊटर बदलताना गिअरचाच घ्या. ब्रेकचा आऊटर दाबाखाली आखडतो, त्यावर गिअर जुळत नाहीत.

हो, हँगर विकत घेताना जुना काढून सोबत न्या. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, भोकं वेगळी. फोटोवरून आणलेला मला परत करावा लागला. २०१९ मध्ये स्रॅमने सगळ्या फ्रेमना चालेल असा यूडीएच हँगर काढला, पण फ्रेम त्यासाठी बनलेली असावी लागते, माझी नाही. आता एक जादा हँगर स्क्रूंसकट सीटखालच्या पिशवीत आहे, ५ नंबरच्या अॅलन कीला रबरबँडने बांधून.