आजोबांचे भरतीचे गणित आणि मेकाँगचा चिखल

२०२४ साली माघ शुद्ध चतुर्थीला, म्हणजे रत्नागिरीच्या घरी गणेशजयंतीचे मोदक वळले जात असताना, मी आणि ताई व्हिएतनाममध्ये भाड्याच्या सायकलींच्या सीटा वरखाली करत उभे होतो. हो ची मिन्ह सिटीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर बेन त्रे नावाचा प्रदेश आहे. मेकाँग नदीच्या मुखाशी असलेल्या या नारळाच्या मुलखात सकाळी सायकल आणि दुपारी कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, असा एका दिवसाचा बेत आम्ही शहरातल्या एका सहल कंपनीकडून ठरवून घेतला होता. कंपनीने पाठवलेल्या कागदावर ‘दुपारी १.३० : कयाक’ असे लिहिलेले पाहून मी मनातल्या मनात आजोबांचा हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे तीन वाजता. दीड वाजता निघालो तर चढते पाणी मिळेल, वल्ही कमी मारावी लागतील. ‘बरोबर आहे यांचे,’ असे मी ताईला ठामपणे सांगितले. हा ठामपणा पुढे दिवसभर माझ्या अंगाशी येत राहिला.

व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे तेत, त्या वर्षी १० फेब्रुवारीला सुरू झाले होते. त्यांचा चांद्रमास आपल्या अमान्त महिन्याप्रमाणे अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे आमची चतुर्थी ही त्यांचीही महिन्याची चौथी तिथी होती आणि सुट्ट्या पुरत्या सरल्या नव्हत्या. दारोदारी पिवळ्या माईच्या फुलांच्या कुंड्या होत्या. राच मियू पुलावर आम्ही दक्षिणेकडे जात असताना समोरून शहराकडे परतणाऱ्या दुचाक्यांची न संपणारी रांग येत होती. हा पूल २००९ साली सुरू झाला. त्यापूर्वी तिएन नदी, म्हणजे मेकाँगचाच एक फाटा, ओलांडायला फेरीबोटच होती. पुलाखाली नदीत जे बेट दिसते त्यावर ‘नारळबाबा’ म्हणून ओळखला जाणारा साधू राहत असे. फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकून आलेला हा गृहस्थ नारळावर जगतो अशी त्याची ख्याती होती आणि युद्धाच्या ऐन भरात तो दोन्ही व्हिएतनामांच्या शांततेने होणाऱ्या एकीकरणाचा आग्रह धरून बसला होता. त्याला दोन्ही बाजूंनी जाच झाला, हे वेगळे सांगायला नकोच.

आमचा वाटाड्या बावीस-तेवीस वर्षांचा होता. पहिल्या पाच मिनिटांत त्याने आमची वये विचारली, आणि ताईला काहीसा धक्का बसला. कारण लगेच कळले. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांची जागा बहुधा नात्यांचे शब्दच घेतात, त्यामुळे समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. मी ‘आन्ह’ म्हणजे दादा झालो, ताई ‘ची’ म्हणजे ताईच राहिली, आणि तो स्वतःला ‘एम’, म्हणजे धाकटे भावंड, म्हणवू लागला. पुण्याच्या रिक्षात दादा आणि भाजीवालीपाशी ताई म्हणणाऱ्या आम्हा दोघांना हे अंगवळणी पडायला वेळ लागला नाही.

सायकलीचा रस्ता म्हणजे जेमतेम दीड-दोन मीटर रुंदीची काँक्रीटची पाऊलवाट होती. एका बाजूला माडांची वाडी, दुसऱ्या बाजूला ओहोळ, आणि दर दोन-चारशे मीटरांवर कमानीसारखा वर चढून खाली उतरणारा चिमुकला पूल, ज्याला कठडा असेलच याची हमी नव्हती. पूर्वी अशा ठिकाणी बांबूचे किंवा माडाच्या खोडाचे साकव असत, त्यांना ते ‘माकडपूल’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीट आले आहे. चढ म्हणावा असा चढ दिवसभरात फक्त या पुलांचाच. सायकल चालवणाऱ्या कोकणी माणसाला इतकी सपाट जमीन आधी सुखाची आणि मग थोडी संशयास्पद वाटते, आणि तो संशय खोटा नाही. या सगळ्या प्रदेशाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची सुमारे एक मीटर आहे.

ही जमीन नदीनेच आणून टाकलेली आहे. तिबेटच्या पठारावरून निघालेली मेकाँग सहा देशांतून चार हजार किलोमीटरांहून अधिक वाहत येते, नोम पेन्हजवळ तिला फाटे फुटतात, आणि व्हिएतनाममध्ये शिरल्यावर तिएन व हाउ या दोन मुख्य प्रवाहांतून ती समुद्रापर्यंत पसरत जाते. तिला इथे ‘कुउ लाँग’, म्हणजे नऊ ड्रॅगन, असे नाव आहे, कारण तिला नऊ मुखे मानली जात. त्यांतले एक गाळाने बुजले आहे आणि बा लाई नावाच्या दुसऱ्यावर खारे पाणी अडवण्यासाठी बांध घातला आहे. गेल्या सहा-सात हजार वर्षांत साचलेल्या गाळातून व्हिएतनामपुरता सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरांचा त्रिभुज प्रदेश तयार झाला, आणि देशाचा निम्म्याहून अधिक तांदूळ आज त्यावर पिकतो. आमच्या कोकणातल्या नद्या आखूड, उताराच्या आणि घाईच्या. सह्याद्रीवरून उतरून शे-सव्वाशे किलोमीटरांत खाडीला मिळतात आणि त्रिभुज प्रदेश बांधायला त्यांना ना पुरेसा गाळ ना उसंत. गोदावरी मात्र त्र्यंबकेश्वरापासून १,४६५ किलोमीटर चालून आंध्रात हेच काम करते. महाराष्ट्राची माती घेऊन ती कोनसीमेत नारळ पिकवते, ही गोष्ट मला त्या काँक्रीटच्या वाटेवर प्रथमच नीट उमगली.

वाटाड्याने मध्येच एके ठिकाणी सायकल थांबवून पायाने जमीन उकरून दाखवली. आतापर्यंत चिकण गाळ होता, इथे बारीक वाळू होती. अशा किंचित उंच वालुकामय पट्ट्यांना ते ‘झोंग’ म्हणतात. हे जुने समुद्रकिनारे आहेत. गाळ साचत समुद्र मागे हटत गेला तसतशा या रांगा जमिनीत मागे राहिल्या, आणि पाण्यापासून हातभर वर असल्यामुळे जुनी गावे व रस्ते त्यांच्यावरच वसले. आम्ही ज्या ठिकाणी पाणी पीत उभे होतो तिथे कधी काळी लाटा फुटत होत्या, आणि आताचा समुद्र कित्येक किलोमीटर लांब होता.

बेन त्रेत सत्तर हजार हेक्टरांहून अधिक जमीन माडाखाली आहे. (२०२५ च्या जुलैपासून हा स्वतंत्र प्रांत उरलेला नाही, विन्ह लाँगमध्ये तो विलीन झाला आहे, पण नारळाचे नाव निघाले की लोक अजूनही बेन त्रेच म्हणतील.) एका ओहोळाकाठी नारळ सोलण्याचे काम चालू होते आणि तिथून ताईला हलवणे कठीण झाले. जमिनीत रोवलेल्या लोखंडी पात्यावर तो माणूस नारळ आपटायचा, मनगटाला एक हिसडा द्यायचा, पुन्हा आपटायचा, आणि तिसऱ्या हिसड्याला सोडण पूर्ण सुटून एका बाजूला व नारळ दुसऱ्या बाजूला पडायचा. मी मोजले, एका नारळाला पाच सेकंदही लागत नव्हते. सोडणांचा काथ्या होतो, करवंटीचा कोळसा, पाण्याचे आंबवून जेलीसारखे खाद्य, आणि नारळाच्या दुधाची गोळी, जिच्यासाठी बेन त्रे साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. नारळाचे दूध, साखर आणि मोड आलेल्या धान्याचा चिकट पाक एकत्र आटवून त्याच्या वड्या कापतात आणि तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळतात. तो पापुद्रा तोंडात विरघळतो, सोलायचा नसतो. तेतमुळे कारखान्यात दोघीच बायका होत्या. ताईने त्यांच्याशेजारी बसून दहा-बारा गोळ्या गुंडाळल्या, त्यांतल्या नऊ त्यांनी हसत पुन्हा सोडवल्या.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर शाकाहारी माणसाने ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहार. पौर्णिमेला आणि अमावास्येला कित्येक बौद्ध कुटुंबे चाय जेवतात, त्यामुळे ही मागणी कुणाला विचित्र वाटत नाही.

दीड वाजता आम्ही कयाकपाशी पोहोचलो आणि मी ओहोळात डोकावलो. पाणी नव्हते. अगदीच नव्हते असे नाही. मधोमध एक हात-दीड हात खोलीचा चिंचोळा प्रवाह होता आणि तोही समुद्राच्या दिशेने पळत होता. दोन्ही काठांवर माणसाच्या उंचीइतका ओला, चकचकीत, तपकिरी चिखल उघडा पडला होता. आजोबांचे गणित कोकण किनाऱ्याचे आहे. प्रत्येक किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर आल्यानंतर भरती यायला लागणारा वेळ निराळा असतो. इथे समुद्रही वेगळा आहे, दिवसातल्या दोन भरत्या-ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि मुखापासून आत येईतो भरतीला आणखी उशीर होतो. मेकाँगच्या मुखाशी उधाणाला पाणी तीन मीटरांहून अधिक वरखाली होते. ही सगळी माहिती मला होती. ती लावून पाहण्याचे मात्र सुचले नव्हते.

वाटाड्याच्या चेहऱ्यावरून त्याला हे सकाळपासून ठाऊक असल्याचे दिसत होते. वेळापत्रक शहरातल्या कचेरीत ठरते आणि वर्षभर तेच असते, असे तो खाली पाहत म्हणाला. भरती दररोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे त्या कचेरीला कुणी सांगितले नसावे. मला त्या कंपनीचा रागच आला. पैसे त्यांनी पाण्याचे घेतले होते आणि दाखवला चिखल. तरी ‘आलोच आहोत तर बघू’ या मराठी बाण्याने आम्ही कयाक लोटले, आणि पाचशे मीटरांवर, एका वळणाशी, दोन्ही कयाक शांतपणे बसले. मी पाय खाली टाकणार तोच ताई ओरडली, “अरे, उतरू नकोस! कमरेपर्यंत जाशील, आणि तुला ओढणार कोण?” वाटाड्या उतरला होता, तो मांडीपर्यंत आत होता. काठावर कपडे धूत असलेल्या एका बाईने आमच्याकडे पाहिले, हाताने ‘बसा’ अशी खूण केली आणि पुन्हा कपडे धुऊ लागली. मग आम्ही बसलो. तासभर बसलो.

त्या तासात जे पाहिले ते वल्ही मारत गेलो असतो तर दिसले नसते. आमच्या नाकासमोर निपा होती. हिला ते ‘पाण्यातला माड’ म्हणतात, पण हिचे खोड चिखलाखाली आडवे पसरते आणि वर दिसतात त्या थेट चिखलातून उठलेल्या सात-आठ मीटर उंचीच्या झावळ्या. त्यांनीच इथली छपरे शाकारतात. सुंदरबनात हीच पाने ‘गोलपाता’ म्हणून वापरतात. झावळ्यांच्या बुडाशी निवट्या होत्या. वसईपासून मालवणपर्यंत खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तोच फुगीर डोळ्यांचा मासा, तशाच कल्ले फुगवून एकमेकांवर धावून जाण्याच्या लकबी. एक निवटी माझ्या वल्ह्याच्या पात्यावर चढली, तिने एक डोळा खोबणीत ओढून ओला केला, मग दुसरा, आणि सावकाश उतरून गेली.

मधल्या प्रवाहातून जलपर्णीचे झुपके वाहत होते. इथे तिचे देठ वाळवून टोपल्या विणतात. पुण्यात मुळा-मुठेवर आपण तिच्या नावाने बोटे मोडतो. वाटाड्या मात्र या झुपक्यांकडे घड्याळासारखा पाहत होता. त्याने आम्हांला एक शब्द शिकवला. ‘रोंग’ हा शब्द सपाट सुरात म्हटला तर उधाण, आणि आवाज खाली सोडत म्हटला तर ओहोटी. आम्ही दोघांनी तो इतक्यांदा चुकीचा म्हटला की काठावरच्या बाईने शेवटी कपडे बाजूला ठेवून स्वतः उच्चारून दाखवला. आमच्याकडे उधाण आणि ओहोटी असे सरळ निराळे शब्द आहेत, याबद्दल मला भाषेचे आभार मानावेसे वाटले.

त्या बाईच्या घरामागे पन्हाळीखाली सात-आठ मोठे मातीचे रांजण होते. पावसाळ्यात भरलेले पाणी उन्हाळ्यात पिण्यासाठी लागते, कारण कोरड्या महिन्यांत नदीचा जोर ओसरला की समुद्र ओहोळांतून आत शिरतो. २०२० च्या मार्चमध्ये खारेपणा इतका वाढला की बेन त्रेसह पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली होती. वरच्या देशांतली धरणे गाळ अडवतात, खालच्या पात्रातून वाळू उपसली जाते, भूजल उपशाने जमीन खचते आहे. पूर्वी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ येत असे, आता त्याचा लहानसा भागच पोहोचतो. सकाळी पुलावरून वाळूने काठोकाठ भरलेले पडाव पाहिले होते, ते तेव्हा नुसते सुंदर वाटले होते. ओहोळाच्या तोंडाशी लोखंडी झडप होती, खारे पाणी चढले की पाडायची. गोव्यातल्या खाजणांना असते ती ‘मानस’ याच जातीची, फक्त तिथे ती लाकडी असते आणि कित्येक शतके जुनी पद्धत म्हणून तिचे कौतुक होते.

तीनच्या सुमारास एक जलपर्णीचा झुपका आमच्यासमोर येऊन थांबला. तो थोडा गोल फिरला, काही क्षण तसाच राहिला, आणि आला होता त्याच वाटेने परत निघाला. वाटाड्या म्हणाला, “आन्ह, वल्हे घ्या.” पाणी चिखलाच्या भेगांतून बोटभर, मग वीतभर चढले, कयाकचा बूड एकदा घासून सुटला, आणि पुढचे तीन किलोमीटर आम्ही निपाच्या बोगद्यातून जवळजवळ फुकट गेलो. वल्हे फक्त वळणांपुरते लागले.

परतताना राच मियू पुलावर आम्ही सव्वा तास अडकलो, कारण आता आम्हीही शहराकडे जाणाऱ्या रांगेत होतो. खाली अंधारात नदी भरत चालली होती. ताईने पिशवीतून नारळाच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली, आणि म्हणाली, “उद्या पंचमी. आजोबांच्या हिशेबाने पावणेचार ना रे?”