नील बेटाची बोट आणि एकाच बुकिंगवरचे सहा जण – माझा अनुभव

अंदमानला ग्रुपने जाताय आणि नील बेट (शहीद द्वीप) करणार आहात, तर सगळ्यात आधी हे ऐका: बोटीची तिकिटं दोन-दोन, तीन-तीन जणांची वेगवेगळी काढा. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं आणि त्यापायी जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही.

आम्ही कॉलेजच्या सहा मैत्रिणी. विमान, हॉटेल, सेल्युलर जेल, सगळं सुरळीत. सकाळी पोर्ट ब्लेअरला (आताचं नाव श्री विजयपुरम) नीलला जायच्या खाजगी बोटीच्या जेट्टीवर पोचलो तर समुद्र खवळलाय म्हणून फेरी रद्द. त्याबद्दल तक्रार नाही, वारं असेल तर बोट सोडूच नये. पण पुढं काय? काउंटरवरचा म्हणतो ऑनलाइन बदला, ऑनलाइन गेलं की मेसेज येतो काउंटरवर संपर्क करा. फोन लावला तर नुसती रिंग वाजत राहते. शेवटी त्यांच्या शहरातल्या ऑफिसात गेलो तर आमच्यासारखेच लोक बॅगा घेऊन उभे, लहान पोरं रडतायत, एक आजी जमिनीवर बसलेल्या, त्यांना कुणी साधी खुर्ची दिली नाही.

आमचा नंबर आला तेव्हा कळलं की दुसऱ्या दिवशीच्या बोटीत चारच सीट शिल्लक आहेत. म्हणलं ठीक, चौघींना द्या, दोघी सरकारी बोटीने येतो. तर नाही! बुकिंग एक आहे, सहाच्या सहा जणी तरी जा नाहीतर सगळ्यांचं कॅन्सल करून रिफंड घ्या. अहो, सीट रिकाम्या, माणसं समोर उभी, पैसे आधीच भरलेले, आणि फक्त कॉम्प्युटरवर नाव वेगळं करता येत नाही म्हणून चार सीट दुसऱ्यांना जाणार? मी तिथून हललेच नाही. आवाज चढवला नाही, पण वरच्या साहेबांना बोलवा एवढंच परत परत म्हणत राहिले. दुपार उलटून गेल्यावर ते आले, स्क्रीनकडे बघितलं आणि थोड्या वेळात बुकिंग तोडून दिलं. म्हणजे होत होतं! मग सकाळपासून आम्हाला का उभं केलं?

उरलेल्या दोघींना सरकारी बोट मिळाली. तिथं ओरिजिनल आयडी लागतं, फोटो चालेलच असं धरून जाऊ नका. बेटावरच्या लोकांना आधी जागा मिळते आणि मला ते बरोबरच वाटतं, त्यांचं दवाखाना, बाजार सगळं त्या बोटीवर आहे. नीलची भाजीसुद्धा बोटीनेच पोर्ट ब्लेअरला जाते.

आणि भाजीसाठीच हे बेट बघा. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी इथं जमीन कसायला घेतली, गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सायकली भाड्याने घेतल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, दुधी, काकडी, केळी, मधेच भाताची खाचरं. एका दादांनी त्यांची सुपारीची बाग हिंडून दाखवली, नारळ, सुपारी आणि त्यावर चढवलेले मिरीचे वेल, अगदी कोकणातली वाडीच. आमच्यातल्या एकीचं माहेर श्रीवर्धनचं, ती सुपारी वाळवायची कशी यावरच त्यांच्याशी तासभर बोलत बसली आणि आम्ही शहाळी पीत पाय पसरून बसलो. त्या दुपारी ऑफिसातला सगळा शीण गेला.

हो, एक राहिलं. नील आधी करा, परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, बोट कधीही रद्द होते. डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो, त्यामुळे लक्ष्मणपूरला चारपर्यंत पोचा. किनाऱ्यावरचा खडकाचा नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला जवळून बघता येतो, वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या, आणि तिथं चप्पल नको, बूट घाला, मेलेलं प्रवाळ पायाला कापतं. थोडी रोख जवळ ठेवा. आणि रद्द झालेल्या बोटीची पावती फाडू नका, आमच्या दोघींचा रिफंड त्या पावतीवरच मिळाला, तोही चार वेळा मेल केल्यावर.