झाकण लावलं की लॅपटॉप मेला, आणि मी फॉर्म भरत बसले

"रिलीज कँडिडेट आलाय, टाकू का?" असं कोणी विचारलं की हल्ली मी उलट एकच प्रश्न विचारते: झाकण लावून पाहिलंस का? लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय.

ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव सांगत नाही, भांडण उकरून काढायचं नाहीये. लिनक्सचं एक वितरण (लिनक्स आणि सोबतचे प्रोग्राम एकत्र बांधलेला संच), येऊ घातलेली नवी आवृत्ती. आधी बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची प्रत, टाकला, मग रिलीज कँडिडेट, म्हणजे फार मोठं काही सापडलं नाही तर जी प्रत तशीच अंतिम म्हणून बाहेर जाते ती. फाइल उतरवली, चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवला, पेनड्राइव्हवर चढवली, वीस मिनिटांत इन्स्टॉल. वायफाय लागलं, आवाज आला, दुसरा मॉनिटर ओळखला. प्रिंटरसुद्धा पहिल्या फटक्यात चालला. "तयार आहे की!" असं मी मोठ्या तोऱ्यात दोघातिघांना कळवूनही टाकलं.

संध्याकाळी झाकण लावलं. सकाळी उघडलं तर पॉवरचा दिवा लागला, पंखा फिरायला लागला आणि स्क्रीन काळीच. कॅप्स लॉक दाबलं. त्याचा दिवा पेटला असता तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जिवंत आहे आणि फक्त स्क्रीन गेली आहे, असं समजता आलं असतं. पेटला नाही. म्हणजे सगळंच गार. बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. परत झाकण, परत तेच. पाचापैकी पाच वेळा.

मग बग नोंदवायला बसले, आणि खरी गंमत इथून सुरू झाली.

फॉर्ममध्ये पहिलाच सक्तीचा रकाना 'घटक'. समोर शेकडो पॅकेजांची, म्हणजे सिस्टीमच्या सुट्या भागांची, यादी, आणि त्यातलं नेमकं कोणतं बिघडलंय ते तक्रार करणाऱ्याने सांगायचं. अहो, ते मला ठाऊक असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? डेस्कटॉपचं वीज-व्यवस्थापन निवडलं. चार दिवसांनी उत्तर आलं: आमचं काम मशीनला झोपायला सांगणं, उठवणं आमच्याकडे नाही. तिकीट, म्हणजे माझी नोंदवलेली तक्रार, कर्नलवाल्यांकडे गेलं. ते म्हणाले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, असावा. ग्राफिक्सवाल्यांनी आधीच्या बूटचा लॉग, म्हणजे मशीन मागच्या वेळी चालू होतं तेव्हाच्या नोंदी, मागितला. तो दिला. त्यातली शेवटची ओळ 'सस्पेंड एन्ट्री', म्हणजे मशीन झोपायला निघालं, त्यापुढे काही नाही. असणार कसं? झोपेतच मेलेलं मशीन डिस्कवर काय लिहिणार! तरी तिकिटाची स्थिती झाली 'अधिक माहिती हवी'.

त्यातल्या त्यात एकाने शहाणा प्रश्न विचारला: मागच्या आवृत्तीत हे होत होतं का? मागची आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवली, झाकण लावलं, उघडलं. दोन सेकंदांत स्क्रीन हजर. म्हणजे आधी चालत होतं आणि आता मोडलंय. हे मी पहिल्याच दिवशी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. 'सस्पेंड चालत नाही' या वाक्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. 'मागच्या आवृत्तीत चालत होतं' म्हटलं की माणसं सावरून बसतात, कारण रिलीजच्या तोंडावर अशा बिघाडाचं वजन वेगळं असतं.

ही चाचणी इन्स्टॉल न करताही होते, हेही मला तेव्हाच कळलं. तुम्ही तरी लाइव्ह पेनड्राइव्हवरच झाकण लावून बघा.

एवढं झाल्यावर गाडी हलेल असं वाटलं होतं. एकाने लिहिलं, "माझ्याकडे होत नाही." दुसऱ्याने तिसऱ्याला विचारलं, अमुक पॅच (दुरुस्ती) यात आलाय का? तिसरा गप्प. चौदाव्या दिवशी बॉटचा, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामचा, संदेश आला: मागितलेली माहिती न मिळाल्याने हे तिकीट बंद करत आहोत. मी सगळं दिल्यावर माझ्याकडे आणखी काही मागितलंच नव्हतं! त्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, उत्तर नाही म्हणून फाइल माझी बंद करायची. त्या रात्री मी बॉटला उद्देशून तीन परिच्छेद लिहिले आणि पुसले. शेवटी 'पुन्हा उघडा' एवढंच बटण दाबलं. तुम्हीही तेवढंच करा, रागाची भाषा तिकिटावर कायमची राहते.

रिलीज कँडिडेट 'तयार' आहे असं लोक म्हणतात तेव्हा मला ऑक्टोबर 2018 आठवतो. विंडोज 10चं 1809 हे अपडेट काही जणांच्या फाइलीच उडवत होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. गंमत म्हणजे ही तक्रार चाचणीच्या काळातच काही जणांनी फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींच्या ॲपमध्ये टाकली होती. तक्रारी मोजक्या होत्या, गर्दीत बुडाल्या. नंतर त्या फॉर्ममध्ये त्रास किती गंभीर आहे ते सांगायची सोय केली आणि अपडेट नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. सांगणारे होते, फॉर्म भरलेले होते, पण ढिगात वर काय आणायचं हे कोणाला उमगलं नाही. माझं झाकण फाइली उडवण्याइतकं गंभीर नव्हतं, कबूल. पण वेदना ओळखीची वाटली.

शेवटी वाट मीच शोधली, आणि याचा मला अजून अभिमान आहे. कर्नलमध्ये पीएम ट्रेस नावाची एक सोय आहे. मशीन उठताना कुठे अडकलं त्याची खूण ते घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतं, कारण बटण दाबून बंद केल्यावरही टिकते अशी हाताशी तेवढीच जागा. त्यामुळे तारीख-वेळेची वाट लागते. ट्रेस चालू केला, झाकण लावलं, उघडलं, हँग, लगेच रीस्टार्ट. उशीर केला तर घड्याळ पुढे सरकतं आणि खूण पुसट होते. मशीन उठलं ते कुठल्या तरी भलत्याच वर्षात. घाबरू नका, तारीख हाताने नीट करता येते. तोवर ब्राउझर मात्र प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतो. लॉगमध्ये एका उपकरणासमोर 'हॅश मॅचेस', म्हणजे खूण याच्याशी जुळते, अशी ओळ. उपकरण कोणतं? एसडी कार्ड रीडर! ज्यात मी आजवर एकही कार्ड घातलेलं नाही.

त्याचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे चालूच होऊ दिला नाही. झाकण लावलं, उघडलं. उठला! मी वीस वेळा उघडझाप केली, नुसत्या आनंदाने.

हे तिकिटावर टाकल्यावर तासाभरात खऱ्या माणसाचं उत्तर आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तोवर रिलीजची निर्णय-बैठक दोन दिवसांवर आली होती. ती ऑनलाइन आणि खुली असते, म्हणून वाचत बसले. माझा बग यादीत सहावा. चर्चा चार ओळींची: ठरावीक कार्ड रीडर असलेल्या मशीनवरच होतं, ड्रायव्हर बंद करून भागतं, डेटा जात नाही. ब्लॉकर, म्हणजे रिलीज अडवणारा बग, नाही. पुढचा.

तेव्हा चिडले. पण बग शून्य झाल्यावर कोणीच रिलीज करत नाही, हेही खरं. फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 येता येता फुटलेल्या एका अंतर्गत मेमोत 63,000 हून अधिक संभाव्य दोष मोजलेले होते, तरी ते बाहेर पडलंच. उलट टोकाला डेबियन हे लिनक्सचं वितरण: 'तयार होईल तेव्हा' म्हणत 3.0 नंतर 3.1 यायला जुलै 2002 पासून जून 2005 उजाडला. त्यांच्याकडेही मोजतात ते रिलीजच्या आड येणारे बग, सगळे नव्हेत. माझा आड येत नव्हता, एवढंच.

ठरल्या दिवशी ते रिलीज झालं. 'ज्ञात अडचणी'मध्ये कार्ड रीडरची एक ओळ, खाली ड्रायव्हर कसा बंद करायचा ते. शब्द जवळपास माझेच. दुरुस्ती पुढच्या कर्नल अपडेटमध्ये आली. ब्लॅकलिस्टची ओळ काढली, झाकण लावलं, उठला.

आणि हो, हे सगळं मी जुन्या, फुटकळ लॅपटॉपवर केलं. कामाच्या मशीनवर रिलीज कँडिडेट टाकू नका, टाकलात तर आधी बॅकअप. वरती सांगायला हवं होतं, रागाच्या भरात राहिलं.

परवा त्याच तिकिटावर बॉट परत आला: ही अडचण अजून आहे का, कृपया चौदा दिवसांत कळवा. मी अजून कळवलेलं नाही.