तुम्ही विचारलेत म्हणून: तो एकच शब्द का चालत नाही

मुलाच्या तोंडी ‘च्यायला’ आले तरी मी काही बोलत नाही. मग ‘रांडेच्या’ या एका शब्दावर एवढा का उखडतो, तेही आम्ही मालवणकडचे असताना, असे तुम्ही सारे विचारता. आमच्याकडे तो शब्द लाडाचा आहे, जिवलग मित्राला त्यानेच हाक मारतात, हे मला सांगू नका. पंचवीस वर्षे मीच ते पुण्यातल्या मित्रांना पटवून देत होतो, आणि तेही ती दुपार विसरलेलो नसताना.

मी चौदा वर्षांचा होतो; वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. आई अंगणात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सोले वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत लाल झालेले. शेजारचा मित्र कुंपणाच्या गडग्यावर बसला होता. त्याला मी नेहमीसारखेच म्हटले, “रांडेच्या, खाली उतर.” आईने हातातले सोल सुपात ठेवले आणि आवाज न चढवता म्हणाली, “तो रांडेचो कसो? तेचो बापूस जितो आसा. रांडेचो तू.” मग ती पुन्हा सोले पसरू लागली. मित्र मुकाट्याने घरी गेला. मला तिची क्षमाही मागता आली नाही, कारण ती मागायची तर तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता.

रांड म्हणजे विधवा, हा अर्थ मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही आहे. नवरा गेलेल्या बाईला आणि देहविक्रय करणाऱ्या बाईला समाजाने एकाच शब्दात बसवले आणि तिच्या मुलाची शिवी केली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने 2024 मध्ये आईबहिणींवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. मात्र सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांतल्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या घालतात, त्यांना कोणी दंड करावा असे मला वाटत नाही. ‘च्यायला’मध्येही आईच आहे, असे मुलगा सुनावतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या मे महिन्यात सोलांवर बसलेल्या कावळ्याला हाकलताना आईच ओरडली, “रांडेच्या!” मुलाने माझ्याकडे पाहिले. मी काठी घेऊन अंगणात गेलो.